जुनी निसान लीफ न्यूझीलंडमध्ये : मालकी आणि लांबचे प्रवास – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जपानमधून वापरलेल्या अवस्थेत आलेली निसान लीफ ही विजेवर चालणारी गाडी न्यूझीलंडमध्ये घ्यावी का, घेतल्यावर ती कशी सांभाळावी आणि तिच्यातून दोन्ही बेटांवर कितपत हिंडता येते, याविषयी इथल्या मराठी कुटुंबांकडून पुन्हापुन्हा येणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत. बॅटरीची क्षमता सर्वत्र ‘युनिट’मध्ये, म्हणजे वीजबिलातल्या किलोवॅट-तासांत, सांगितली आहे.

न्यूझीलंडमध्ये जुन्या लीफ एवढ्या मोठ्या संख्येने का दिसतात?

या देशात १९९८ नंतर मोटारींची जुळणी होत नाही. सगळ्या गाड्या समुद्रमार्गे येतात. वाहतूक जपानसारखीच डाव्या बाजूने चालत असल्यामुळे जपानमधल्या वापरलेल्या गाड्या येथे अनेक दशकांपासून विकल्या जात आहेत. लीफ डिसेंबर २०१० मध्ये जपानमध्ये विक्रीस आली आणि काही वर्षांतच ती त्याच वाटेने येथे पोहोचू लागली. अधिकृत विक्रेत्यांकडून नव्या लीफही विकल्या गेल्या, पण त्यांची संख्या थोडी होती, आणि रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक लीफ या जपानी बाजारासाठी बनवलेल्याच आहेत. जुलै २०२१ ते डिसेंबर २०२३ या काळात सरकारी सवलत योजनेत बाहेरून आणलेल्या वापरलेल्या विजेच्या गाडीवर सुमारे साडेतीन हजार डॉलरपर्यंत परतावा मिळत असे, त्यामुळेही मागणी वाढली.

याचा व्यावहारिक अर्थ असा की, उत्पादकाने ही गाडी या देशासाठी बनवलेली नाही आणि विकलेलीही नाही. तिची हमी, सॉफ्टवेअर आणि सुटे भाग यांबाबत आपण बऱ्याच अंशी स्वतंत्र गॅरेजांवर आणि इतर मालकांच्या अनुभवावर अवलंबून असतो. हे ज्यांना रुचत नाही, त्यांनी या वाटेला न गेलेले बरे.

२४, ३० की ४० युनिटची?

पहिल्या लीफमध्ये २४ युनिटची बॅटरी होती, २०१५ च्या अखेरीस ३० युनिटची आली आणि २०१७ मध्ये नव्या बांधणीच्या गाडीत ४० युनिटची आली. २०१३ च्या सुमारास २४ युनिटच्या गाडीतही मोठे बदल झाले. आधी मागच्या सीटमागे असलेला चार्जर पुढच्या बॉनेटखाली गेला आणि डिकी मोकळी झाली, गिअरमध्ये उतारावर अधिक वीज परत मिळवणारा ‘बी’ पर्याय आला आणि काही प्रकारांत कमी विजेत गाडी गरम करणारा हीट पंप बसवला गेला. म्हणून निव्वळ २४ युनिटची गाडी म्हणून दोन गाड्यांची तुलना करू नये.

घरापासून कामावर, शाळेत आणि किराणा आणायला जाण्यासाठी २४ युनिटची गाडी अजूनही उत्तम आहे, आणि घरात दुसरी पेट्रोल किंवा हायब्रिड गाडी असेल तर ती घेण्यात काहीच गैर नाही. मात्र वर्षातून अनेकदा शहराबाहेर जायचे असेल तर ४० युनिटच घ्यावी. ३० युनिट ही तडजोड आहे.

बॅटरीच्या चार्जशेजारचे बारीक पट्टे काय सांगतात?

ते शिल्लक चार्ज नव्हे, तर बॅटरीची शिल्लक क्षमता सांगतात. नव्या गाडीत १२ पट्टे असतात. पहिला पट्टा क्षमता सुमारे १५ टक्के घटल्यावर जातो आणि त्यापुढचा प्रत्येक पट्टा साधारण सव्वासहा टक्क्यांनी. म्हणजे ११ पट्टे दिसले तर क्षमता ७९ ते ८५ टक्क्यांच्या दरम्यान असते, १० असतील तर सुमारे ७३ ते ७९ आणि ९ असतील तर सुमारे ६६ ते ७३. विक्रेता ‘फक्त दोनच पट्टे गेलेत’ असे म्हणतो तेव्हा चतुर्थांश बॅटरी गेलेली असू शकते.

लीफच्या बॅटरीला थंड ठेवणारी द्रव किंवा पंख्याची कोणतीही सक्रिय व्यवस्था नाही. त्यामुळे गाडी जपानच्या कोणत्या भागात होती, उन्हात उभी असे की सावलीत आणि किती काळ पूर्ण चार्ज करून ठेवली गेली, यांवर तिची प्रकृती ठरते. न्यूझीलंडचे थंड हवामान तिला मानवते. जे नुकसान व्हायचे ते बहुधा येथे येण्यापूर्वीच झालेले असते.

हे पट्टे खोटे असू शकतात का?

होय. बॅटरीचे नियंत्रण करणाऱ्या यंत्रणेतील नोंद पुसून पट्टे तात्पुरते पुन्हा १२ करता येतात; पुढे काही आठवड्यांच्या वापरात ते खऱ्या आकड्यावर उतरतात, पण तोवर गाडी आपल्या दारात आलेली असते. यावरचा उपाय सोपा आहे. गाडीच्या निदान-सॉकेटमध्ये बसणारा एक ब्ल्यूटूथ अडॅप्टर आणि ‘लीफ स्पाय’ हे ॲप सोबत न्यावे. त्यात बॅटरीच्या आरोग्याची, म्हणजे शिल्लक क्षमतेची, टक्केवारी, अँपिअर-तासांमधील क्षमता आणि आजवर किती वेळा जलद व किती वेळा सावकाश चार्ज केले याची मोजदाद दिसते. २४ युनिटची नवी बॅटरी सुमारे ६५ अँपिअर-तास दाखवते. ४९ दिसले तर ती तीन-चतुर्थांश उरली आहे. दहा वर्षांची, लाखभर किलोमीटर चाललेली गाडी ९८ टक्के दाखवत असेल तर आनंद न मानता संशय घ्यावा.

आकडा पाहून झाल्यावर गाडी किमान अर्धा तास, शक्यतो मोटरवेवर, चालवून पाहावी. बॅटरीतल्या सेलच्या सर्व ९६ जोड्यांचे व्होल्टेज ॲपमध्ये स्तंभांच्या रूपाने दिसते. चढावर जोर दिल्यावर एखादाच स्तंभ इतरांहून बराच खाली कोसळत असेल, तर सरासरी आरोग्य चांगले असूनही गाडी प्रवासात ऐनवेळी बंद पडू शकते.

३० युनिटची बॅटरी अधिक वेगाने खराब होते असे ऐकले आहे. ते खरे आहे का?

२०१८ मध्ये न्यूझीलंडमधल्याच ‘फ्लिप द फ्लीट’ या नागरिक-विज्ञान प्रकल्पाने मालकांकडून जमवलेल्या नोंदींवरून तसा निष्कर्ष काढला होता, आणि तो जगभर चर्चिला गेला. त्यानंतर निसानने स्पष्ट केले की, दोष बॅटरीत नसून क्षमता मोजणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आहे, आणि सुधारित आवृत्ती काढली. ती घातल्यावर अनेक गाड्यांचे गेलेले पट्टे परत दिसू लागले. म्हणून ३० युनिटची गाडी पाहताना हे अद्ययावतीकरण झाले आहे का, एवढे आवर्जून विचारावे. एका छोट्या देशातल्या मालकांनी आपापल्या गाड्यांचे आकडे एकत्र केले आणि त्यातून उत्पादकाची चूक उघडकीस आली, ही गोष्ट मला आजही कौतुकाची वाटते.

डॅशबोर्ड जेवढे किलोमीटर दाखवतो, तेवढी गाडी खरोखर जाते का?

नाही. तो आकडा मागच्या काही किलोमीटरांच्या वापरावरून काढलेला अंदाज असतो. पुढे घाट आहे, समोरून वारा आहे किंवा आपण १०० च्या वेगाने जाणार आहोत, हे त्याला ठाऊक नसते. डोंगर उतरून आलेली गाडी सकाळी १७० किलोमीटर दाखवते आणि मोटरवेवर पोहोचताच ११० वर येते. प्रवासाचा हिशेब किलोमीटरांत न करता युनिटमध्ये करावा.

उदाहरण घेऊ. नव्या २४ युनिटच्या बॅटरीतून प्रत्यक्षात सुमारे २१ युनिट वापरता येतात. आरोग्य ७५ टक्के असेल तर साधारण साडेपंधरा. न्यूझीलंडच्या डांबरावर खडी दाबलेल्या खडबडीत महामार्गांवर ९० किलोमीटर वेगाने प्रत्येक किलोमीटरला ०.१५ ते ०.१६ युनिट लागतात. म्हणजे पूर्ण रिकामी होईपर्यंत १०० किलोमीटर, आणि हाताशी थोडी शिल्लक ठेवायची तर दोन चार्जरमधले अंतर ८० ते ८५ किलोमीटर धरावे. चढाचा हिशेब वेगळा मांडावा. प्रवाशांसह सुमारे १,७५० किलो वजनाची गाडी ७०० मीटर उंच नेण्यासाठी गणिताने ३.३ युनिट लागतात, प्रत्यक्षात त्याहून थोडे जास्त. म्हणजे सपाटीवरचे पंचवीसेक किलोमीटर केवळ त्या चढात जातात. उतरताना त्यातला बराच भाग परत मिळतो, पण सगळा नाही, आणि बॅटरी पूर्ण भरलेली किंवा फार गार असेल तर फारच थोडा मिळतो. म्हणून घाटमाथ्यावर राहणाऱ्यांनी रात्री १०० टक्के भरून सकाळी उतार उतरू नये.

वेग हा सर्वांत मोठा घटक आहे. १०० ऐवजी ८० ने गेल्यास हवेचा रोध सुमारे ३६ टक्क्यांनी घटतो. दोनपदरी महामार्गावर मागे रांग लागत असेल तर मंद वाहनांसाठीच्या जागेत बाजूला होऊन इतरांना पुढे जाऊ द्यावे. तो कायदा आहे, आणि सौजन्यही.

घरी चार्जिंगसाठी काय लागते?

जपानमधून गाडीसोबत आलेली केबल वापरू नये. तिचा प्लग आणि प्रमाणन येथल्या नियमांशी जुळत नाही. अडॅप्टर लावून ती चालवणे धोक्याचे आहे. येथे प्रमाणित असलेली, साध्या तीन-पिनी सॉकेटवर ८ अँपिअर घेणारी केबल सुमारे १.८ किलोवॅट देते आणि २४ युनिटची गाडी रात्रभरात भरते. निळ्या १६ अँपिअरच्या सॉकेटची जोडणी इलेक्ट्रिशियनकडून करून घेतल्यास वेळ जवळजवळ निम्मा होतो. जपानी लीफमधला आतला चार्जर बहुधा ३.३ किलोवॅटचाच असल्याने महागडा ७ किलोवॅटचा भिंतीवरचा चार्जर लावून तिला काही फायदा होत नाही. तो खर्च पुढच्या गाडीच्या विचारानेच करावा. भाड्याच्या घरात राहत असाल तर सॉकेटची तार किती जुनी आहे हे घरमालकाला विचारून ठेवावे आणि पहिल्या काही रात्री प्लग हाताला तापलेला लागतो का ते पाहावे.

गाडीतली जपानी भाषा, रेडिओ आणि नकाशे यांचे काय?

नकाशे जपानचेच असतात आणि ते निरुपयोगी आहेत, मोबाइल वापरावा. जपानी एफएम पट्टा ७६ मेगाहर्ट्झपासून ९० च्या आसपास संपतो, तर इथली केंद्रे ८८ ते १०८ वर आहेत, म्हणून वारंवारता बदलणारे एक छोटे उपकरण बसवावे लागते. डॅशबोर्डची भाषा इंग्रजी करून देणारे कारागीर मिळतात. मोठ्या पडद्याची भाषा बदलणे अधिक कठीण आणि खर्चिक असते, पण त्यावाचून फारसे अडत नाही. चार्जिंगचा टायमर लावताना मात्र गाडीचे घड्याळ तपासावे, कारण जपान आपल्यापेक्षा हिवाळ्यात ३ आणि उन्हाळ्यात ४ तास मागे असतो, आणि रात्रीचा स्वस्त दर त्यात हुकतो.

आता रस्त्याचा कर लागू झाला आहे. तरीही ही गाडी स्वस्त पडते का?

१ एप्रिल २०२४ पासून विजेच्या हलक्या गाड्यांना दर १,००० किलोमीटरला ७६ डॉलर, आणि त्यावर थोडे प्रशासकीय शुल्क, असा रस्ता-वापर कर भरावा लागतो. तो १,००० किलोमीटरच्या पटीत आगाऊ विकत घ्यायचा असतो. घरी चार्ज करणाऱ्याला १०० किलोमीटरसाठी भिंतीतून साधारण १७–१८ युनिट वीज लागते. युनिटचा दर ३० सेंट धरला तर पाच डॉलरच्या आसपास, आणि कराचे ७ डॉलर ६० सेंट. हा आकडा लहान हायब्रिड गाडीच्या पेट्रोल खर्चाच्या जवळ येतो. रात्रीचा सवलतीचा दर असेल, किंवा छतावर सोलर असेल, तरच फरक ठळक राहतो. महामार्गावरच्या जलद चार्जरचे दर घरच्या दराच्या दुपटीहून अधिक असतात. त्यामुळे केवळ पैसे वाचवण्यासाठी जुन्या लीफने लांबचा प्रवास करू नये. देखभाल मात्र खरोखरच कमी आहे: इंजिन ऑइल नाही, टायमिंग बेल्ट नाही आणि ब्रेक पॅड वर्षानुवर्षे टिकतात.

जलद चार्जरवर किती वेळ थांबावे लागते? ८० टक्क्यांनंतर निघा असे का सांगतात?

लीफ चॅडेमो या जपानी पद्धतीने जलद चार्ज होते. २०१४ मध्ये फांगारेई येथे पहिला सार्वजनिक जलद चार्जर आला आणि २०१५ पासून ‘चार्जनेट’ कंपनीने देशभर जाळे उभारायला सुरुवात केली. बहुतेक जुने चार्जर ५० किलोवॅटचे आहेत. २४ युनिटची गाडी २० वरून ८० टक्क्यांवर जायला साधारण अर्धा तास घेते. गाडी सुरुवातीला ४० किलोवॅटहून अधिक घेते, पण बॅटरी भरत जाते तसा हा वेग उतरत जातो आणि ८० टक्क्यांपुढे इतका मंदावतो की उरलेल्या वीस टक्क्यांना आणखी अर्धा तास जाऊ शकतो. पुढचा टप्पा घाटाचा किंवा लांबचा असेल तरच तो वेळ द्यावा.

एकच चॅडेमो केबल असलेल्या ठिकाणी मागे कोणी थांबले असेल तर ८० टक्क्यांना गाडी हलवावी. आपण जवळच्या दुकानात गेला असाल तर काचेवर मोबाइल क्रमांक लिहिलेला कागद ठेवण्याची पद्धत येथे रूढ आहे.

ऑकलंडहून वेलिंग्टनला जुन्या लीफने जाता येते का?

येते, पण एका दिवसात जाऊ नये. अंतर सुमारे ६५० किलोमीटर आहे. पेट्रोल गाडीला थांबे धरून नऊ-दहा तास लागतात; ७५ टक्के आरोग्याच्या २४ युनिटच्या गाडीला सात-आठ वेळा चार्ज करावे लागते आणि एकूण वेळ तेरा-चौदा तासांवर जातो, तोही प्रत्येक चार्जर चालू आणि मोकळा असेल तर. ताउपो किंवा तुरांगी येथे मुक्काम करणे शहाणपणाचे आहे.

ऑकलंड सोडल्यावर पहिला चढ बॉम्बे हिल्सचा लागतो. १८६० च्या दशकात ‘बॉम्बे’ नावाच्या जहाजातून आलेल्या वसाहतकऱ्यांमुळे हे नाव पडले, आणि मुंबईकर पाहुण्यांना त्या पाटीपुढे फोटो काढायचाच असतो. हॅमिल्टन ऑकलंडपासून सव्वाशे किलोमीटर आहे. हा टप्पा जुन्या २४ युनिटच्या गाडीने एका दमात धरू नये, वाटेत एकदा थोडे भरून घ्यावे. हॅमिल्टन ते ताउपो सुमारे १५० किलोमीटर आणि हळूहळू चढत जाणारे आहे. मध्ये तिराउ, टोकोरोआ ही गावे आहेत. ताउपो ते तुरांगी ५० किलोमीटर सरोवराच्या काठाने, आणि येथेच खरे नियोजन लागते.

तुरांगी ते वायौरू हा ६३ किलोमीटरचा टप्पा म्हणजे डेझर्ट रोड. तुरांगीची उंची ३७० मीटरच्या आसपास आणि रस्त्याचा माथा १,०७४ मीटर. सपाटीच्या हिशेबाने साडेनऊ युनिट आणि चढाचे सुमारे साडेतीन. माथ्यानंतरच्या उतारावर थोडे परत मिळून एकूण बारा युनिट जातात. ७५ टक्के आरोग्याच्या गाडीत ८० टक्के चार्जवर साडेबाराच्या आसपास युनिट असतात. म्हणजे गणिताने पोहोचाल, पण समोरून वारा सुटला किंवा हीटर लागला तर नाही. मध्ये वस्ती नाही, दुकान नाही. आजूबाजूला लष्कराच्या सरावाची जमीन आणि पश्चिमेला रुआपेहू पर्वत. म्हणून तुरांगीहून १०० टक्के भरूनच निघावे, किंवा रात्री तिथल्याच कॅम्पग्राउंडवर सावकाश चार्ज करावे. हिवाळ्यात हिमवृष्टीने हा रस्ता बंद होतो आणि नॅशनल पार्क या गावाच्या बाजूने वळसा घालावा लागतो. त्या वळशाचा हिशेब आदल्या रात्रीच करून ठेवावा. वायौरूपुढे ताइहापेपर्यंतचे तीस किलोमीटर उताराचे असल्याने सोपे जातात. परतीच्या वाटेवर मात्र हाच चढ असतो, हे अनेकजण विसरतात.

दक्षिण बेटावर कुठे जपून राहावे?

वेलिंग्टन ते पिक्टन फेरीबोटीला साडेतीन तास लागतात. फेरीवर चार्जिंग मिळेल असे गृहीत धरू नये. ब्लेनम ते कायकौरा हे सुमारे १३० किलोमीटर किनाऱ्याचे आहेत आणि तिथला वारा कधीकधी एका चढाएवढी वीज खातो. नोव्हेंबर २०१६ च्या भूकंपाने हा महामार्ग वर्षाहून अधिक काळ बंद होता आणि सगळी वाहतूक लुइस पासमार्गे वळवली होती. या देशात एकमेव रस्ता बंद पडणे नवीन नाही, म्हणून आदल्या दिवशी रस्त्यांची स्थिती पाहणे ही औपचारिकता समजू नये. क्राइस्टचर्चच्या आजूबाजूच्या कँटरबरी मैदानावर वायव्येचा वारा सुटतो तेव्हा सपाट रस्त्यावरही वापर चांगलाच वाढतो.

पश्चिम किनारा सर्वांत अवघड. फॉक्स ग्लेशियर ते हास्ट सुमारे १२० किलोमीटर आणि हास्ट ते वानाका १४० हून अधिक; हास्ट हाच येथला कळीचा थांबा आहे. तिथल्या चार्जिंगची त्याच आठवड्यातली स्थिती प्लगशेअर ॲपवर वाचल्याशिवाय आणि मुक्कामाच्या ठिकाणी दूरध्वनी केल्याशिवाय २४ युनिटच्या गाडीने या वाटेला जाऊ नये. आर्थर्स पासचा ओटिरा उतार अतिशय तीव्र आहे. पश्चिमेकडून पूर्वेकडे येताना तोच चढ होतो.

मिलफर्ड साउंडबद्दल माझे मत ठाम आहे: २४ किंवा ३० युनिटच्या लीफने जाऊ नये. ‘ते आनाऊ’ या गावाहून अंतर सुमारे १२० किलोमीटर, मध्ये इंधनाचे ठिकाण नाही, आणि समुद्रसपाटीवर उतरण्यापूर्वी ९४५ मीटर उंचीच्या होमर बोगद्यापर्यंत चढायचे आणि परतताना पुन्हा तेच, पण शून्यापासून. ‘ते आनाऊ’हून बस जाते. गाडी तिथेच चार्जिंगला लावून बसने जाणे केव्हाही चांगले. खिडकीतून डोंगर अधिक नीट दिसतात, हेही आहेच.

कॅम्पग्राउंडवर खरेच चार्ज करू देतात का?

बहुतेक हॉलिडे पार्कमध्ये कॅराव्हॅनसाठी निळे १६ अँपिअरचे सॉकेट असलेल्या जागा असतात. आधी विचारावे, वीज असलेल्या जागेचे पूर्ण पैसे द्यावेत आणि निळ्या प्लगची, गाडीच्या टाइप १ (सावकाश चार्जिंगच्या) सॉकेटला बसणारी प्रमाणित केबल सोबत ठेवावी. न विचारता स्वयंपाकघराच्या खिडकीतून तार ओढणाऱ्यांमुळे काही ठिकाणी सरसकट बंदी आली आहे.

आई-बाबा डिसेंबरमध्ये भारतातून येणार आहेत. त्यांना लीफमधून फिरवावे का?

रोटोरुआ, तौरांगा, ताउपो अशा प्रवासाला जरूर न्यावे. दर तासा-सव्वातासाने थांबावे लागणे हे ज्येष्ठांच्या गुडघ्यांना आणि मधुमेहाच्या पथ्याला सोयीचेच ठरते, आणि गाडी अतिशय शांत चालते. मात्र चार प्रौढ, महिनाभराच्या मुक्कामाच्या बॅगा आणि छतावर कॅरिअर असे एकत्र आले की रेंज घटते, विशेषतः कॅरिअरमुळे. दुसरी अडचण वेळेची आहे. नाताळ ते जानेवारीचा पहिला आठवडा या काळात सारा देश सुट्टीवर असतो आणि एकाच केबलपुढे रांगा लागतात. त्या दिवसांत थर्मॉसमधला चहा आणि डब्यातला चिवडा सोबत ठेवावा, आणि संध्याकाळी सातची भेट ठरवू नये. दक्षिण बेटाचा दौरा त्यांच्यासोबत करायचा असेल तर विमानाने क्वीन्सटाउनला जाऊन गाडी भाड्याने घ्यावी.

हिवाळ्यात हीटर लावला तर काय होते?

हीट पंप नसलेल्या गाडीत हीटर सुरुवातीला काही किलोवॅट वीज ओढतो आणि रेंज ठळकपणे घटते. जपानी लीफच्या अनेक प्रकारांत सीट आणि स्टिअरिंग गरम होतात. त्यांना नगण्य वीज लागते, म्हणून आधी ते वापरावेत. गाडी प्लगला लावलेली असतानाच टायमरने ती गरम करून घेतली तर ती वीज बॅटरीतून जात नाही. गारठलेली बॅटरी जलद चार्जरवरही वीज सावकाश घेते. सकाळी निघताच चार्ज करण्यापेक्षा तासभर चालवून मग करावे.

एकामागून एक जलद चार्जिंग केल्यास बॅटरी तापते का?

उन्हाळ्यात नक्कीच. शीतकरण नसल्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या चार्जनंतर तापमानाचा काटा वर सरकतो आणि गाडी स्वतःच चार्जिंगचा वेग कमी करते. ४० युनिटच्या गाडीत हे अधिक जाणवते. ८० ने चालवणे, दुपारचा टप्पा लहान ठेवणे आणि रात्री सावकाश चार्ज करणे, याखेरीज उपाय नाही.

मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी सुरूच होत नाही. असे का?

दहापैकी बहुतेक वेळा दोषी असते ती बॉनेटखालची साधी १२ व्होल्टची बॅटरी. गाडीचे संगणक आणि मोठ्या बॅटरीला जोडणारे स्विच तिच्यावर चालतात; ती कमकुवत झाली की डॅशबोर्डवर असंबद्ध इशारे येतात किंवा काहीच घडत नाही. जपानमधून जहाजात आणि नंतर विक्रेत्याच्या आवारात महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या गाडीत ती हमखास थकलेली असते. गाडी घेतल्याबरोबर तिची चाचणी करावी आणि लांबच्या प्रवासाआधी शंका असेल तर सरळ बदलावी. डिकीत जंप-स्टार्टर असावा.

पंक्चर झाले किंवा गाडी रस्त्यात थांबली तर?

जपानी लीफमध्ये सुटे चाक नसते. असतो तो दुरुस्तीचा द्राव आणि छोटा पंप, आणि द्रावाची मुदत बहुधा उलटून गेलेली असते. खडीच्या रस्त्यांवर टायरची कड फाटली तर द्राव कामाचा नाही, म्हणून अनेकजण प्रवासात योग्य मापाचे सुटे चाक डिकीत घेतात. चार्ज संपत आला की आधी इशारा येतो, मग किलोमीटरच्या जागी रेघा दिसतात आणि शेवटी कासवाचे चिन्ह. कासव दिसले की सुरक्षित जागी उभे राहण्यापुरताच वेळ उरतो. पुढची चाके जमिनीवर ठेवून गाडी ओढू देऊ नये. मोटर त्या चाकांना जोडलेली आहे. सपाट ट्रकच मागवावा.

चॅडेमो बंद होणार का?

नव्या गाड्या सीसीएस या दुसऱ्या जलद चार्जिंग पद्धतीच्या आहेत आणि नव्या मोठ्या चार्जिंग केंद्रांवर चॅडेमोची एखादीच केबल असते, काही ठिकाणी तीही नसते. जुन्या लीफची संख्या मोठी असल्याने केबली एकदम नाहीशा होणार नाहीत, पण वीस गाड्यांच्या केंद्रावर आपल्यासाठी एकच जागा आहे, हे धरून चालावे. चार्जर शोधताना ॲपमध्ये चॅडेमोचा फिल्टर लावावा, नाहीतर नकाशा भरलेला दिसतो आणि त्यातले निम्मे आपल्या कामाचे नसतात.

बॅटरी बदलता येते का, आणि जुनीचे काय होते?

येते. अपघातात सापडलेल्या लीफमधल्या बॅटरी, त्यातही ३०, ४० किंवा ६२ युनिटच्या, जुन्या गाडीत बसवून देणारे तंत्रज्ञ येथे आहेत. मोठी बॅटरी जुन्या गाडीशी बोलावी म्हणून मध्ये एक इलेक्ट्रॉनिक दुभाषी जोडावा लागतो. खर्च बहुधा गाडीच्या बाजारभावापेक्षा जास्त होतो, त्यामुळे बाकी गाडी उत्तम स्थितीत असेल तरच विचार करावा. २४ युनिटच्या बॅटरीत एखादाच कमकुवत मॉड्यूल (सेलचा गठ्ठा) असेल तर ४८ पैकी तेवढाच बदलणे बरेच स्वस्त पडते, पण शेजारचे मॉड्यूलही त्याच वयाचे असतात.

काढलेली बॅटरी टाकाऊ नसते. ६० टक्के आरोग्याच्या २४ युनिटच्या संचातही १४ युनिटच्या आसपास साठवण असते, आणि वीजवाहिनीपासून दूर असलेल्या शेतघरांत व सुट्टीतल्या झोपड्यांत सोलरसोबत अशा बॅटरी वापरल्या जातात. हे काम घरगुती हौसेचे नाही: पूर्ण संचाचे व्होल्टेज ४०० च्या जवळ जाते आणि एकमार्गी प्रवाहाचा धक्का प्राणघातक असतो. परवानाधारक तंत्रज्ञाकडूनच ते करून घ्यावे, आणि विमा कंपनीला लेखी कळवावे.